प्राणीपात्रांच्या फॅन आर्टसाठी डेव्हिअंटआर्ट: ठेवायला उत्तम, विकायला जपून

कोल्हे, मांजरं, ड्रॅगन, पिकाचू, सोनिक असली पात्रं काढणाऱ्यांनी आपली चित्रं इंटरनेटवर टाकायची कुठे, याला आज डझनभर उत्तरं आहेत. त्यातलं एक जुनं आणि अजून तग धरून असलेलं उत्तर म्हणजे डेव्हिअंटआर्ट. ही अमेरिकी साइट ७ ऑगस्ट २००० रोजी सुरू झाली. २०१७ साली विक्स या वेबसाइट बनवायची सोय देणाऱ्या कंपनीनं ती ३.६ कोटी डॉलरना विकत घेतली. मे २०२० मध्ये 'एक्लिप्स' नावाचं नवं रूप सगळ्यांना सक्तीचं झालं, आणि जुन्या मंडळींनी तेव्हा मुरडलेलं नाक अजून सरळ झालेलं नाही.

मत आधीच सांगून टाकतो. फॅन आर्ट, म्हणजे दुसऱ्यानं घडवलेल्या पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रं, विषयवार लावून ठेवायला आणि त्या पात्राच्या खऱ्या जाणकारांपुढे न्यायला ही साइट आजही चांगली आहे, आणि फुकट खात्यात काम भागतं. इन्स्टाग्रामवर चित्र दोन दिवसांत खाली वाहून जातं. इथे काही वर्षांपूर्वीच्या चित्रावरही शोधातून माणसं येत राहतात. मात्र नुसतं चित्र टाकून गप्प बसलात तर ते कुणालाही दिसणार नाही, आणि घरबसल्या ऑर्डरी मिळतील या आशेवर आलात तर आधी फसवणारेच भेटतील. पाचपैकी साडेतीन तारे.

चित्र लोकांपर्यंत कसं पोचतं

एक्लिप्सच्या आधी इथे झाडासारखी वर्गवारी होती: डिजिटल, मग रेखाचित्र, मग प्राणी, असं उतरत जायचं. ती गेली आणि सगळा भार टॅगवर, म्हणजे चित्राला जोडायच्या शोधशब्दांवर आला. एका चित्राला जास्तीत जास्त ३० टॅग लावता येतात आणि टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. बहुतेक नवखे तीन-चार टॅग लावून मोकळे होतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. टॅग लावताना उतरंड ठरवून घ्यावी. आधी पात्राचं नाव, मग मालिकेचं किंवा गेमचं नाव, मग त्या दोन्हींना 'फॅनआर्ट' जोडून केलेले शब्द. त्यानंतर प्राण्याची जात: नुसतं 'फॉक्स' नको, 'रेडफॉक्स' किंवा 'आर्क्टिकफॉक्स' लिहा, कारण नुसत्या कोल्ह्याच्या गर्दीत तुमचं चित्र पाचव्या पानावर जातं. मग माध्यम (डिजिटल, जलरंग, पेन्सिल), आणि शेवटी चित्रातला प्रसंग किंवा भाव. हे सगळं रोमन लिपीत. शोधणारे रोमनमध्येच शोधतात.

एकाच पात्राची दोन रूपं असतील तर टॅगही दोन प्रकारचे लागतात. सोनिकचंच घ्या. १९९१चा जुना सोनिक बुटका, पोटानं गोल आणि काळ्या डोळ्यांचा. १९९८ नंतरचा उंच, लांब पायांचा आणि हिरव्या डोळ्यांचा. जुन्याचे चाहते 'क्लासिकसोनिक' शोधतात. त्यांच्यापुढे हिरव्या डोळ्यांचा सोनिक आला की ते न थांबता पुढे जातात. प्रदेशानुसार नाव बदलतं तिथेही हेच. २०१६ सालचा ससा-कोल्ह्याच्या जोडीचा 'झूटोपिया' ब्रिटनमध्ये 'झूट्रोपोलिस' आणि जर्मनीत 'झूमानिया' म्हणून लागला होता. तिन्ही नावं टॅगमध्ये घातली की युरोपातले बघणारेही हाती लागतात. ३० जागा असताना कंजुषी करायचं कारण नाही.

शीर्षकात 'अनटायटल्ड' किंवा 'स्केच ४' लिहिणं म्हणजे शोधातून स्वतःला बाहेर काढणं. पात्राचं नाव शीर्षकात हवंच. आणि सुरुवातीलाच हवं, कारण लहान चौकटीत लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं.

टॅगपेक्षाही मोठी ताकद ग्रुपांची आहे, आणि डेव्हिअंटआर्ट इतरांपेक्षा वेगळं ठरतं ते इथे. लांडगे, घोडे, मोठी मांजरं, ड्रॅगन, एकेका गेममधली पात्रं अशा एकेका विषयाचे ग्रुप आहेत. ग्रुपमध्ये शिरलात, चित्र पाठवलंत, ॲडमिननी (ग्रुप चालवणाऱ्यांनी) पास केलं की ते ग्रुपच्या सगळ्या सदस्यांपुढे येतं. तुमचे स्वतःचे वॉचर (तुमची नवी चित्रं बघायला नाव नोंदवलेले) शून्य असले तरी बिघडत नाही. घोड्यांच्या ग्रुपांचं तर स्वतंत्र जग आहे: कागदोपत्री घोडे पाळायचे, त्यांच्या वंशावळी ठेवायच्या, शर्यतीतली आणि सरावातली चित्रं काढून गुण मिळवायचे. बाहेरच्याला वेड वाटेल, पण घोड्याच्या पायांचे सांधे बिनचूक काढायला शिकायचं असेल तर याहून चांगली तालीम नाही.

ग्रुपमध्ये चित्र परत येण्याची कारणं ठरलेली असतात. चुकीचा फोल्डर हे पहिलं. 'फीचर्ड' नावाचा फोल्डर बहुतेक ग्रुपांत ॲडमिन स्वतः भरतात. तिथे थेट चित्र पाठवलं की नकार. दुसरं कारण रोजची मर्यादा: काही ग्रुप दिवसाला एकच चित्र घेतात, काही आठवड्याला. तिसरं कारण सगळ्यांत वैतागवाणं. ॲडमिनच झोपलेले असतात आणि ठरलेल्या मुदतीत कुणी मत दिलं नाही की विनंती आपोआप बाद होते. म्हणून ग्रुप निवडताना सदस्यसंख्येकडे पाहू नका. शेवटचं चित्र कधी पास झालं ती तारीख पाहा. पन्नास हजार सदस्यांचा ग्रुप वर्षभर बंद पडलेला असू शकतो आणि तीनशे जणांचा रोज जागा असतो. नवीन चित्रासाठी असे पाच-सहा जागे ग्रुप पुरेत.

जागे ग्रुप शोधायची एक सोपी वाट आहे. तुमच्या चित्राला कुणी 'फेव्ह' दिला, म्हणजे ते आवडत्या चित्रांत ठेवलं की त्या माणसाच्या कलेक्शनांत शिरा. लोक फेव्ह केलेली चित्रं विषयवार लावून ठेवतात, त्यामुळे तुमच्या चित्राशेजारी कोणती चित्रं बसली आहेत ते दिसतं. ती चित्रं ज्या ग्रुपांत आहेत, तेच ग्रुप तुमचे. शोधाच्या चौकटीत ग्रुपांची नावं टाकत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

वेळेचं म्हणाल तर बघणाऱ्यांचा मोठा वाटा अमेरिकेत आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि लॉस एंजेलिसला आठ वाजतात तेव्हा सकाळचे साडेआठ. या तीन तासांत टाकलेलं चित्र त्यांच्या जेवणानंतरच्या चाळणीत वर राहतं. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा हेच साडेसहा ते साडेनऊ. भारतीय वेळेनं रात्री दहाला टाकलेलं चित्र तिकडे ऑफिसच्या आणि शाळेच्या वेळेत उघडतं आणि संध्याकाळपर्यंत खाली गेलेलं असतं.

फाइल नीट नसेल तर साइटचा दोष नाही

डेव्हिअंटआर्टवर माझे रंग फिके दिसतात, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिचं मूळ बहुतेक वेळा कलर प्रोफाइलमध्ये, म्हणजे फाइलनं रंगांचा कोणता पट्टा वापरायचा या नोंदीत असतं. आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास उघडताना डिस्प्ले पी३ हा जास्त रुंद रंगपट्टा निवडलेला असतो. त्या पट्ट्यातला कोल्ह्याचा भगवा किंवा पोपटाचा हिरवा साध्या मॉनिटरवर मावतच नाही. प्रोफाइल नीट वाचणारा ब्राउझर त्याला जवळच्या फिक्या रंगावर आणून बसवतो, न वाचणारा भलताच रंग दाखवतो. उपाय एकच: कॅनव्हास उघडतानाच एसआरजीबी हा साध्या मॉनिटरचा पट्टा निवडा. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये केलेली फाइल इथे थेट टाकू नका. आधी आरजीबीत आणून डोळ्यांनी तपासा.

आकाराबद्दल. काढताना लांब बाजू ३,५०० ते ४,००० पिक्सेल ठेवा, टाकताना १,६०० ते २,००० वर आणा. मूळ आकारात टाकलं तर कुणीही उचलून टी-शर्टवर छापू शकतं, आणि बघणाऱ्याला त्याचा काही फायदा नसतो. मात्र इथे केसाळ प्राणी काढणाऱ्यांची गोची होते. ४,००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर दोन पिक्सेल जाडीनं ओढलेला केस १,६०० वर आला की ०.८ पिक्सेल उरतो, म्हणजे रेघ राहत नाही, राखाडी धुरळा होतो. गालाचे, कानाच्या आतले आणि शेपटीच्या कडेचे केस किमान चार पिक्सेलनं काढा. लहान केल्यावर एक हलका शार्पन द्या. जास्त दिलात तर केसांच्या कडेला पांढरी किनार येते आणि कोल्हा ओला दिसू लागतो.

सपाट रंग आणि काळी रेघ असं कार्टूनसारखं चित्र असेल तर पीएनजी. रंग मिसळलेलं, पेंटिंगसारखं असेल तर जेपीईजी, दर्जा ९० किंवा वर. जेपीईजीतला छुपा वैरी म्हणजे क्रोमा सबसॅम्पलिंग. नेहमीच्या ४:२:० मांडणीत रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी होते. लाल आणि काळ्याच्या सीमेवर ते लगेच कळतं. सोनिकच्या लाल बुटाची कड त्याच्या पांढऱ्या पट्ट्यात झिरपल्यासारखी दिसते ती यामुळे. गिंप किंवा कृता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये जेपीईजी काढताना सबसॅम्पलिंगच्या यादीतून ४:४:४ निवडा. फाइल थोडी जड होते, कड मात्र स्वच्छ राहते.

पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी टाकायचा मोह टाळा. साइटला उजळ आणि गडद अशा दोन थीम आहेत. उजळ थीममध्ये छान दिसणारी काळी रेघ गडद थीमवर गडप होते आणि अधांतरी तरंगणारे डोळे तेवढे उरतात. आयबिस पेंट या फोनवरच्या ॲपवर काम करणाऱ्यांकडून हे जास्त होतं, कारण तिथे जतन करताना पारदर्शक आणि साधं असे दोन पर्याय शेजारी असतात. मागे एक फिका सपाट रंग भरा.

सही कोपऱ्यात टाकू नका. ग्रिडमध्ये लहान चित्र कापून दाखवलं जातं आणि चोरणाराही पहिल्यांदा कोपराच कापतो. सही पंजाला किंवा शेपटीला चिकटून, अंगावरच्या केसांच्या दिशेनं वळवून टाकली की ती काढायला चित्रच पुन्हा रंगवावं लागतं. त्याच कापाकापीमुळे उभ्या चित्रात चेहरा मधल्या तृतीयांशात ठेवलेला बरा. कान वर टेकवलेला ससा लहान चौकटीत बिनकानाचा होतो.

कागदावर काढणाऱ्यांसाठी: ए४ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल मिळतात, एवढं भरपूर झालं. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. डॉक्युमेंट स्कॅन करणारी ॲप वापरू नका. ती अक्षरं ठसठशीत करायला बनवलेली असतात, पेन्सिलीची हलकी छटा जाळून टाकतात. पोस्टर कलरच्या चित्रात कागद राखाडी येतो. चित्राच्या प्रोग्रॅममधल्या 'लेव्हल्स' या उजेड-अंधाराच्या सोयीत पांढरा टोकबिंदू थोडा आत ओढला की काम होतं, पण पांढरं मांजर असेल तर फक्त कागदाचा भाग निवडून हे करा, नाहीतर मांजर आणि कागद एक होतात.

इथले बघणारे बारीक नजरेचे आहेत

ही या साइटची खरी श्रीमंती. दुसरीकडे 'क्यूट' आणि हृदयं मिळतात. इथे कुणीतरी येऊन सांगतं की पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं नसतं. आणि ते बरोबर असतं. पिकाचूच्या कानांची टोकं काळी, पाठीवर दोन तपकिरी पट्टे, शेपटीच्या बुडाशी तपकिरी डाग. शेपटीचं टोक पिवळंच. काळं टोक ही फॅन आर्टमधली इतकी पसरलेली चूक आहे की लोक शपथेवर सांगतात आपण ते पाहिलंय. मादी पिकाचूच्या शेपटीच्या टोकाला बदामासारखी खाच असते, हेही न विसरता टिपलं जातं.

खऱ्या प्राण्यांच्या शरीररचनेवरही टीका होते. कुत्रा, लांडगा, कोल्हा, मांजर बोटांवर चालतात. मागच्या पायाला 'उलटा गुडघा' दिसतो तो खरं तर टाचेचा सांधा आहे, गुडघा वर पोटाजवळ असतो. हे चुकलं की दोन पायांवर उभं केलेलं पात्र मागे पडतंय असं वाटतं. डोळ्यांच्या बाहुल्यांबाबतही गोंधळ असतो: घरच्या मांजराची आणि कोल्ह्याची उभी चीर, वाघ-सिंह-बिबट्या आणि लांडग्याची गोल, शेळीची आडवी. बिबट्याला मांजराची चीर दिली की ग्रुपमधला कुणी ना कुणी टोकणारच. टोकलेलं नको असेल तर चित्राखाली तसं लिहा, लोक ऐकतात. हवं असेल तर नेमकं विचारा: 'मागच्या पायाचा कोन ठीक आहे का?' अशाला उत्तर येतं, 'कसं वाटलं?' याला येत नाही.

दुसऱ्याच्या तयार रेषेवर, म्हणजे 'बेस'वर, रंगवलेलं चित्र इथे चालतं, पण बेस बनवणाऱ्याचं नाव आणि दुवा वर्णनात पहिल्या ओळीत हवा. फुकट वापरायचा बेस कोणता आणि विकत घ्यायचा कोणता हे बनवणाऱ्यानं लिहिलेलं असतं, ते वाचा. अधिकृत चित्राचा नुसता रंग बदलून 'माझं पात्र' म्हणून टाकण्याला 'रिकलर' म्हणतात. त्याला कुणी किंमत देत नाही. ग्रुपमधून हकालपट्टी मात्र होते.

जाता जाता एक मजा: इथे एकमेकांना 'लामा' नावाचा बिल्ला देता येतो. मिळालेले लामा वाढले की त्याचं चित्र बदलत जातं. त्याचा उपयोग शून्य, आणि तरी ओळख वाढवायला हाच सगळ्यांत सोपा मार्ग. लामा मिळाला की परत देण्याचा शिष्टाचार आहे.

एआयचा प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हिअंटआर्टनं 'ड्रीमअप' हे एआयनं चित्र तयार करणारं साधन आणलं आणि चित्रकारांत आगडोंब उसळला. आपली चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरू नयेत असं वाटणाऱ्यानं स्वतः पुढे होऊन सांगायचं, अशी सुरुवातीची व्यवस्था होती. ओरड झाल्यावर ती लगेच उलटवली गेली आणि सगळ्या चित्रांना 'नो एआय' खूण आपोआप लागू झाली. जानेवारी २०२३ मध्ये चित्रकारांनी कॅलिफोर्नियात स्टॅबिलिटी एआय आणि मिडजर्नी या एआय कंपन्यांवर भरलेल्या दाव्यात डेव्हिअंटआर्टचंही नाव आहे.

ती खूण म्हणजे कुलूप नव्हे. पानाच्या कोडमधली ती एक सूचना आहे. न जुमानणाऱ्या यंत्राला ती अडवू शकत नाही. लहान आकारात टाकणं हाच त्यातल्या त्यात उपाय. चित्र टाकताना ते एआयनं केलंय का हे सांगणं बंधनकारक आहे, आणि सेटिंग्जमध्ये अशी चित्रं कमी दिसतील अशी सोय आहे. खातं उघडल्यावर पहिलं काम हेच करा. तरीही न सांगता टाकणारे आहेतच. लोकप्रिय पात्रांच्या टॅगमध्ये सहा बोटांचे पंजे आणि दोन वेगवेगळ्या जातींचे कान असलेली चकचकीत चित्रं अधूनमधून दिसतात. या आघाडीवर साइटला अर्धा तारा कमी दिला तो यासाठी.

चित्र टाकताना घाईत पुढे ढकलली जाणारी दोन बटणं आहेत. मूळ फाइल फुकट डाउनलोड करू देण्याचा पर्याय बंद ठेवा. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना चित्र वापरायची मोकळीक देणारा) परवाना फॅन आर्टला लावू नका: पात्र तुमचं नाही, तर त्याच्या वापराची मोकळीक तुम्ही कुणाला देणार? रक्तपात किंवा नग्नता असेल तर 'मॅच्युअर' खूण लावणं सक्तीचं. अशी चित्रं लॉगिन न केलेल्यांना दिसत नाहीत. खातं उघडायला वयाची अट १३ वर्षांची आहे, म्हणजे बघणाऱ्यांत शाळकरी मुलं भरपूर, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

विकायचं असेल तर

फॅन आर्ट काढून दाखवणं सहसा कुणाला खुपत नाही. त्याच्या प्रिंट, स्टिकर, किचेन विकू लागलात की हक्कधारकाचं लक्ष जातं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये खाजगी वापर, समीक्षा वगैरेंना सूट आहे, पण फॅन आर्ट विकण्याला तिथे नावानिशी संरक्षण नाही. साइट अमेरिकी असल्यामुळे तक्रार आली की तिकडच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानं चित्र आधी उतरतं. तुम्ही प्रतिदावा केलात तर अमेरिकेच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केल्यासारखं होतं. वारंवार तक्रारी आल्या तर खातंच जातं.

मग विकायचं काय? जुनी, मोकळी पात्रं. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे, सिंह पिंगलक, बैल संजीवक: यांच्यावर कुणाची मालकी नाही. स्वतःचं रेखाटन करा आणि खुशाल विका. फक्त एखाद्या प्रकाशकाच्या सचित्र आवृत्तीतला दमनक जसाच्या तसा उचलू नका. गोष्ट मोकळी आहे, ते चित्र नाही. पाश्चात्त्य पात्रांत विनी द पूह अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून मोकळा आहे, पण १९२६च्या पुस्तकातला. लाल बंडी नंतर आली, ती घातलीत की अडचण. आणि भारताचा हिशोब वेगळा: चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पूहची मूळ चित्रं काढणारे शेपर्ड १९७६ साली वारले, म्हणजे त्यांची रेखाटनं इथे २०३६ अखेरपर्यंत बांधलेली आहेत. लोकांच्या स्वतःच्या पात्रांची चित्रं ऑर्डरीवर काढून देणं हा सगळ्यांत निर्धोक धंदा, आणि प्राणीपात्रांच्या जगात त्याला मागणीही आहे.

ऑर्डरीचा पहिला संदेश मात्र बहुतेक वेळा भामट्याचाच असतो. त्याची लक्षणं ओळखीची झालीत. 'तुमची कला अप्रतिम, माझ्या मुलाच्या वाढदिवसासाठी कुत्र्याचं चित्र हवंय', असा मजकूर असतो. तुमच्या गॅलरीत फक्त ड्रॅगन असले तरी. किंमत न विचारता तो स्वतःच शंभर-दोनशे डॉलर देऊ करतो, आणि तिसऱ्या वाक्यात पेपॅलचा ईमेल मागतो. मग पेपॅलच्या नावानं बनावट मेल येतो: 'तुमचं खातं बिझनेस नसल्यानं रक्कम अडकली आहे, आधी अमुक डॉलर परत पाठवा.' रक्कम आलीच नव्हती. मेलमधल्या दुव्यावर न जाता ॲप उघडून शिल्लक पाहा, एवढ्यानं विषय संपतो. दुसरा प्रकार म्हणजे 'तुमचं चित्र एनएफटी (ब्लॉकचेनवरचा डिजिटल मालकीचा दाखला) म्हणून घेतो'. तिथे उत्तरच देऊ नये.

खऱ्या गिऱ्हाइकाशी व्यवहार असा करा: आधी कच्चं रेखाटन कमी रिझोल्यूशनमध्ये दाखवायचं, पसंत पडलं की निम्मे पैसे, सपाट रंग दाखवल्यावर उरलेले, आणि मोठी फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. फुकट दुरुस्त्या दोन, पुढच्या प्रत्येकीला पैसे, हे सुरुवातीलाच लिहून टाका. केसांचा रंग सातव्यांदा बदलायला लावणारे असतातच. पात्राची रेफरन्स शीट (रंग आणि खुणा दाखवणारं नमुना-चित्र) नसेल तर काम घेऊ नका, कारण 'निळसर लांडगा' या दोन शब्दांत तीस वेगवेगळे लांडगे मावतात. परदेशी पैसे पेपॅलवर घेता येतात. भारतातल्या भारतातले व्यवहार पेपॅलनं एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकाला यूपीआयच द्यावं. पेपॅलसाठी पॅन, बँक खातं आणि पर्पज कोड (परदेशी पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक) आधी भरून ठेवा, नाहीतर आलेली रक्कम अडकते.

दुसरीकडे कुठे काय

फर अफिनिटी ही २००५ पासूनची, फक्त मानवी ढंगाच्या प्राणीपात्रांना वाहिलेली साइट आहे. एआयची चित्रं तिथे २०२२ पासून बंद आहेत आणि ऑर्डर देणारी गिऱ्हाइकं तिथे जास्त. पण प्रौढांसाठीचा मजकूर भरपूर आहे. एसएफडब्ल्यूचं (प्रौढ मजकूर लपवणारं) बटण चालू केल्याशिवाय घरात उघडू नये. पिक्सिव्ह ही २००७ची जपानी साइट, पोकेमॉनसारख्या जपानी पात्रांना तिथे तोड नाही, मात्र टॅग जपानीत लावले तरच चित्र चालतं. टॉयहाउस स्वतःच्या पात्रांची माहिती लावून ठेवायला सुंदर, फॅन आर्टसाठी नाही, आणि आत शिरायला कुणाचा तरी निमंत्रण कोड लागतो. जुलैत भरणारा, एकमेकांच्या पात्रांची चित्रं काढायचा आर्ट फाइट हा ऑनलाइन खेळ मजेदार, पण तिथेही स्वतःचीच पात्रं लागतात.

डेव्हिअंटआर्टच्या 'कोअर' या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वात जाहिराती जातात आणि विक्रीच्या सोयी वाढतात. निदान शंभरेक चित्रं गॅलरीत बसेपर्यंत आणि महिन्याला दोन-तीन ऑर्डरी येऊ लागेपर्यंत ते घेऊ नका. आणि चित्रांचा एकमेव साठा म्हणून ही साइट वापरू नका. थरांसकट मूळ फाइल आणि तारखेसह कच्ची रेखाटनं स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. उद्या कुणी चित्र चोरून आपल्या नावावर लावलं, तर तक्रारीच्या अर्जाला तीच जोडता येतील.